बिनमाशाच्या पाण्याला घास

एकदा एका व्यापाऱ्याच्या घरी मासे मरू लागले.

आता मासे मरणे ही काही दृष्टांत सांगण्याजोगी घटना नव्हे. मासे मरतातच, आणि आपल्याकडे निम्म्या लोकांच्या मते ते त्यासाठीच जन्माला येतात. परंतु या घरी मासा मेला की एक माणूस जेवायचे थांबे, आणि ते माणूस म्हणजे व्यापाऱ्याची आई होती. म्हणून ही गोष्ट सांगावी लागते.

व्यापाऱ्याचा फिनेल, साबण, धुण्याची पावडर आणि झाडू यांचा घाऊक धंदा होता. मिठाईवाले सहसा स्वतःच्या दुकानातली मिठाई खात नाहीत. हा मात्र आपला माल घरी वापरी. स्वच्छता हा त्याचा व्यवसाय होता, आणि तीच त्याची भक्तीही होती. वडील वारल्यावर आई बोलेनाशी झाली. जेवणही नावापुरते. तेव्हा कोणीतरी सुचवले की म्हातारीला विरंगुळा म्हणून फिश टँक आणा. व्यापाऱ्याने दुकानातला सर्वांत मोठा टँक आणला. तळाला निळे-गुलाबी खडे, त्यात प्लास्टिकची हिरवीगार झाडे, आणि मधोमध एकटाच एक मासा. लाल-निळा, झुबकेदार शेपटीचा, काचेतल्या आपल्याच प्रतिबिंबावर धावून जाणारा. दुकानदार त्याला 'फायटर' म्हणाला.

आई टँकसमोर पाटावर बसली. मासा काचेवर धडका मारत होता. तिने बराच वेळ पाहिले, डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "आले हो हे."

व्यापारी हसला. बायको हसली नाही. सासरे हयात असताना सकाळी आरशासमोर दाढी करता करता आरशाशीच भांडत, हे तिने रोज पाहिले होते.

त्या दिवसापासून आई पुन्हा नीट जेवू लागली, पण एका अटीवर. आधी टँकमध्ये चिमूटभर दाणे पडायचे, माशाने खायचे, मग तिचे ताट वाढायचे. नवऱ्याच्या आधी ती जन्मात जेवली नव्हती; आता या वयात सवय कशी मोडणार? नवऱ्याचे नावही तिने कधी घेतले नव्हते, त्यामुळे माशाला नाव ठेवण्याचा प्रश्न आला नाही. मासा 'हे' झाला.

व्यापाऱ्याने दर रविवारी टँक धुवायला घेतला. मासा वाटीत काढायचा, पाणी ओतून द्यायचे, खडे, प्लास्टिकची झाडे आणि काचा आपल्याच दुकानातल्या पावडरीने घासायच्या, नळाचे ताजे पाणी भरायचे. टँक असा चकचके की त्यात पाणी आहे की नाही ते कळू नये. थोड्याच दिवसांत एका सोमवारी मासा तळाशी आडवा पडलेला मिळाला. आई अजून देवपूजा करत होती. व्यापारी मागच्या दाराने बाहेर पडला आणि तसाच दुसरा मासा घेऊन आला. आईने त्याच्याकडे बघितले. "आज ह्यांचा चेहरा उतरलाय," एवढेच म्हणाली, आणि जेवली.

असे वरचेवर होऊ लागले. दुकानदार आता त्याच रंगाचा मासा याच्यासाठी वेगळाच काढून ठेवी. व्यापाऱ्याला वाटे, आईला कळत नाही. मुलांना असे वाटतेच. एका सोमवारी मात्र आई पूजेआधीच टँकपाशी येऊन बसली होती. व्यापारी मासा बदलायला आला तेव्हा ती मेलेल्या माशाकडे पाहत म्हणाली, "ह्यांना इथं राहवत नाही रे. येतात आणि जातात. किती वेळा बोलवायचं?"

त्यानंतर तिने ताटाला हात लावला नाही. चहा तेवढा घेई. डॉक्टर आले, सलाईनचे बोलू लागले, या वयात शरीर फार दिवस धरणार नाही असेही सांगून गेले.

त्या शहरात एक वृद्ध गृहस्थ राहत, लोक त्यांना अण्णा म्हणत. पूर्वीच्या काळी असे जाणते म्हातारे गावाबाहेर झाडाखाली बसत. हल्ली तिथे प्लॉट पडतात, त्यामुळे अण्णा एका सोसायटीच्या तळमजल्यावर राहत. लग्नापासून वाटणीपर्यंत सगळ्या गोष्टींवर ते सल्ला देत आणि त्याबद्दल काही घेत नसत, म्हणून लोकांचा त्यांच्यावर फारसा विश्वास नव्हता. त्यांच्या व्हरांड्यात एक जुना टँक होता. वरून पाहिले तर डबके वाटावे इतका हिरवा. त्यातले मासे मात्र म्हातारे होऊन मरत.

व्यापारी नवीन फायटर पिशवीत घेऊनच त्यांच्याकडे गेला. सगळी हकीकत सांगून म्हणाला, "अण्णा, हा जगला पाहिजे. हा गेला तर आई जाईल."

अण्णांनी पिशवी घेतली, थोडा वेळ आपल्या टँकच्या पाण्यात तरंगत ठेवली आणि मग मासा त्या हिरव्या पाण्यात सोडून दिला. मासा पानांत शिरला आणि दिसेनासा झाला.

"हा इथं राहील," अण्णा म्हणाले.

"मग आईला काय दाखवू?"

"पाणी."

व्यापाऱ्याला वाटले, म्हाताऱ्याचे वय झाले. तरी दुसऱ्या दिवशी अण्णा घरी आले तेव्हा त्याने दार उघडले. अण्णा उंबऱ्यात थांबले आणि त्यांनी दोनदा श्वास ओढून घेतला.

"घराला वासच नाही तुमच्या."

"लिंबाचा आहे ना," व्यापारी अभिमानाने म्हणाला. "आपलाच माल."

"वडिलांची खोली कुठली?"

"हीच. तेरावं झालं आणि लगेच रंग काढून घेतला. पलंग, कपडे, काठी, सगळं देऊन टाकलं. ते ज्या भिंतीला टेकून पेपर वाचायचे ना, तिथं डोक्याच्या तेलाचा एवढा मोठा डाग होता. तीन हात मारावे लागले तेव्हा गेला."

आई त्याच खोलीत, टँकसमोर पाटावर बसली होती. त्या भिंतीकडे तिची पाठ होती. अण्णांनी तिला नमस्कार केला. तिने मान हलवली.

अण्णांनी टँकमधली प्लास्टिकची झाडे काढून बाजूला ठेवली. पिशवीतली, बाजारातून आणलेली जिवंत झाडे काढली. गवतासारख्या लांब पात्यांची काही खड्यांत रोवली. एक जाड पानांचे झाड मात्र त्यांनी लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधले, कारण त्याचे आडवे खोड गाडले की ते कुजते. दगडाला थोडे शेवाळ गुंडाळले. इथपर्यंत व्यापाऱ्याने सहन केले. मग अण्णांनी एक डबा उघडला. त्यात त्यांच्या स्वतःच्या टँकच्या फिल्टरमधला स्पंज होता, काळा, बुळबुळीत, जन्मात न धुतलेला. तो त्यांनी दोन्ही हातांनी त्या आरशासारख्या पाण्यावर धरला आणि पिळला.

काळपट धूर पाण्यात उतरला. पसरला, काचेपाशी आला, क्षणभर तिथे घुटमळला आणि वळून तळाकडे गेला. व्यापाऱ्याच्या घशातून नुसताच आवाज निघाला.

"आता ऐका," हात पुसत अण्णा म्हणाले. "आजपासून हे धुवायचं नाही. झाडं उपटून मुळं फुटली का ते बघायचं नाही. पानं गळतील, गळू द्यायची. आणि रोज आईंच्या जेवणाआधी यात चिमूटभर दाणे टाकायचे."

"पण मासा तर तुमच्याकडे आहे."

"माहीत आहे मला."

"मग दाणे कोणाला?"

"जे आहेत त्यांना."

"कोण आहेत?"

"शेठ, पंगतीला वाढताना प्रत्येकाचं नाव गाव विचारता का तुम्ही?"

अण्णा गेले. दुपार झाली. खोलीत ऊन आले होते आणि रिकामे गढूळ पाणी उन्हात स्वस्थ उभे होते. आपण वेडे झालो आहोत असे स्वतःला सांगत व्यापाऱ्याने चिमूटभर दाणे टाकले. दाणे तरंगले, भिजले, एकेक करून खाली गेले. काहीही हलले नाही. आई एकटक पाहत होती. बऱ्याच वेळाने तिने पदर सावरला.

"बसले," ती म्हणाली. मग सुनेकडे वळून, "वाढ गं मला."

ती वरणभात जेवली. लिंबाचे लोणचेही मागून घेतले. आई जेवली याचा आनंद मानावा की ती कोणाबरोबर जेवली याची भीती बाळगावी, हे व्यापाऱ्याला ठरवता येईना. हिशेबी माणसाला अशा वेळी फार त्रास होतो.

पुढचे दिवस वाईट गेले. रोवलेल्या झाडांची पाने पिवळी पडली, मग पारदर्शक झाली; नुसत्या शिरा उरल्या, जणू पानाचे भूतच तिथे उभे आहे. लाकडावर पांढरी लव आली, म्हाताऱ्या माणसाच्या हनुवटीवर असते तशी. पाण्याला एक वास येऊ लागला. घाण म्हणता येणार नाही असा. ओल्या मातीचा, जुन्या कपड्यांचा, बंद कपाटाचा. आणि दाणे. ते तळाशी पडायचे आणि दुसऱ्या दिवशी तिथे नसायचे. एका सकाळी काचेच्या आतल्या बाजूला एक वळणदार रेघ उमटलेली होती, कोणी आतून बोटाने ओढावी तशी. व्यापाऱ्याने ती बाहेरून पुसली. ती पुसली जाईना, कारण ती बाहेर नव्हती. नंतर रेघेच्या टोकाला त्याला मोहरीएवढी एक गोगलगाय दिसली. त्याने कोणतीही गोगलगाय आणली नव्हती.

"अहो," एके दिवशी बायको म्हणाली, "मी दुपारी त्या खोलीतून जाते ना, तर आपोआप डोक्यावर पदर घेते. का घेते ते मला कळत नाही. आज घेतल्यावर कळलं."

"मनाचे खेळ असतात."

"असतील. पण तुम्हीसुद्धा हल्ली त्या खोलीत चपला काढून जाता."

ते खरे होते. त्याच्या लक्षात आले नव्हते.

एका रविवारी मात्र त्याचा धीर संपला. रोवलेल्या झाडांची सगळी पाने गेली होती, बुडखे तेवढे उरले होते. पाण्याच्या पृष्ठभागावर साय धरली होती. पंखा बंद, खिडकी बंद, आणि तळातून, बुडख्यांच्या मधून, बारीक बुडबुड्यांची एक माळ संथपणे वर येत होती. थांबायची. पुन्हा यायची. झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखी. वडील शेवटच्या दिवसांत असेच, मध्ये थांबून थांबून श्वास घेत, आणि प्रत्येक वेळी श्वास थांबला की व्यापारी बाहेर जाऊन काही ना काही काम काढी.

त्याने बादली आणली, रबरी नळी आणली, पावडरीचे पाकीट फोडले. नळीचे तोंड तो पाण्यात बुडवणार इतक्यात मागून आई म्हणाली, "काय करतोयस?"

"साफ करतो आई. घाण झालीय."

"ते जेवताहेत."

तिचा आवाज अगदी साधा होता. शेजारच्या खोलीतल्या माणसाविषयी बोलावे तसा.

"आई, यात कोणी नाही."

"घरात होते तेव्हाही तुला दिसायचे कुठं? ताटावरून उठवू नकोस एवढंच सांगते. माझ्या घरात ताटावरून कोणाला उठवलेलं नाही."

त्याने नळी बादलीत टाकली. तो तसाच, पावडरीने भरलेल्या हातांनी, अण्णांकडे गेला.

"अण्णा, माझ्या घरात काहीतरी आहे," तो म्हणाला.

"आलं का? बरं झालं," अण्णा म्हणाले आणि त्याला बसायला खुर्ची दिली. "पानं गळाली?"

"सगळी."

"बुडाशी हिरवं काही?"

व्यापाऱ्याने आठवून पाहिले. बुडख्यातून सुईच्या टोकाएवढे, फिकट, काहीतरी वर आलेले त्याने पाहिले होते खरे. ते पाहून तो घाबरला होता.

"ऐका शेठ," अण्णा म्हणाले. "झाडं विकणारे ती पाण्याबाहेर, हवेत वाढवतात. हवेतली पानं पाण्यात टिकत नाहीत. ती जातात आणि मग त्याच मुळांतून पाण्याची पानं येतात. माणसं मधल्या काळात झाड फेकून देतात, म्हणून त्यांना वाटतं आपल्या हाताला गुण नाही. हे झालं झाडांचं. आता माशांचं. प्रत्येक जीव घाण करतो, आणि आपल्याच घाणीनं मरतो, जर ती खाणारं कोणी नसेल तर. पाण्यात ते खाणारे असतात. फार लहान, दिसत नाहीत. खड्यांवर बसतात, पानांवर, मुळांवर, काचेवर. त्यांना यायला वेळ लागतो आणि मासा येईपर्यंत त्यांना कोणीतरी जेवू घालावं लागतं. माझ्या स्पंजात ते होते, तुमच्या चिमटीवर ते वाढले. तुम्ही दर रविवारी काय धुवत होता कळलं का? घरचे सगळे धुऊन काढायचे आणि पाहुण्याला एकट्याला आत सोडायचं. तो एकटेपणानं गेला असं म्हटलं तरी चालेल."

व्यापाऱ्याला हायसे वाटायला हवे होते. सगळ्याचा उलगडा झाला होता.

"म्हणजे आई म्हणते ते..."

"ते मला माहीत नाही," अण्णा म्हणाले. "मला पाण्यातलं थोडं कळतं. पण एक सांगतो. तेरा दिवसांत माणूस जातो. त्याच्यामागे घरात जे काही राहायला लागलेलं असतं, वास म्हणा, डाग म्हणा, खोकल्याचा आवाज म्हणा, ते तेरा दिवसांत जात नाही, आणि घालवायचंही नसतं. उरलेली माणसं त्याच्यावर जगतात. तुम्ही मासे मारलेत ते अजाणता. आईंचं पाणीसुद्धा तुम्ही असंच अजाणता बदललंत."

"मला बघवत नव्हतं," व्यापारी म्हणाला. हे त्याने पहिल्यांदाच कोणाला सांगितले.

"मग बघू नका. पण धुऊ नका."

पुढे काही आठवड्यांनी टँक हिरवा झाला. नवी पाने आली, पहिल्यापेक्षा लांब, मऊ, पाण्याच्या कलाने झुकणारी. साय गेली. वास राहिला, पण तो आता घराचाच वाटू लागला. शेवटी अण्णांनी निरोप पाठवला की मासा घेऊन जा. व्यापाऱ्याने तो आणला, आणि अण्णांनी केले होते तसे सावकाश केले. आधी पिशवी तरंगत ठेवली, मग तोंड उघडले. मासा बाहेर आला, त्याने एकदा पिसारा फुलवला आणि तो पानांत शिरला. दुपार होती. आई पाटावर बसली होती. व्यापाऱ्याला भीती होती की आता ती 'आले' म्हणणार आणि सगळे पुन्हा त्या एका माशाच्या जिवावर अवलंबून राहणार.

आईने माशाला निरखले.

"हा कोण?" ती म्हणाली.

व्यापाऱ्याने बायकोकडे पाहिले. बायकोने पदर घेतलेला होता.

"पाहुणा आहे, आई."

"ह्यांच्या सोबतीला आणलास होय. बरं केलंस. फार एकटे असतात." ती जरा सरकून बसली. "मग वाढ. आधी ह्यांना."

व्यापाऱ्याने चिमूट भरली. इतके दिवस त्याने दाणे नुसते टाकले होते, वजनकाट्यावर माल टाकावा तसे. आज हात पाण्यावर थांबला. काहीतरी म्हणायला हवे होते, आणि काय ते त्याला माहीत होते.

"बाबा," तो म्हणाला, "जेवून घ्या."

दाणे पडले. भुकेला फायटर दाण्यावर कसा तुटून पडतो हे त्याने अनेकदा पाहिले होते. पण हा मासा जागचा हलला नाही. तो जाड पानाच्या मागे उभा राहिला, कल्ले हलवत, दाण्यांकडे पाहत. दाणे तरंगले, भिजले, पानांमधून फिरत फिरत खाली गेले. तिथे, मुळांपाशी, काहीतरी किंचित हलल्यासारखे झाले. गोगलगाय असेल. प्रवाह असेल.

"शहाणं आहे लेकरू," आई म्हणाली. "मोठ्यांचं होईस्तोवर थांबलंय."

व्यापारी फरशीवर आईशेजारी बसला, आणि तोही थांबला.

घरात नवे कोणी आणण्यापूर्वी तिथे आधीपासून कोण राहते ते विचारून घ्यावे. उत्तर येत नाही म्हणून घास चुकवू नये.